कणगीतले कागद

कागद भातात ठेवतात हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मोठ्याने हसले होते. सिद्धगडाच्या पायथ्याकडच्या एका पाड्यावरचं घर. घरातली मुलगी नुकतीच बारावी पास झाली होती. तिचा शाळा सोडल्याचा दाखला मी बघायला मागितला, तर तिची आई उठली, आतल्या खोलीतल्या कणगीवरचं झाकण बाजूला केलं, बियाण्याच्या भातात कोपरापर्यंत हात घातला आणि प्लॅस्टिकची एक पुरचुंडी बाहेर काढली. पुरचुंडीला निरगुडीचा सुका पाला चिकटला होता.

"निरगुडीनं किडा लागत नाय," आई म्हणाली. "भाताला नाय आन कागदाला बी नाय."

"अहो ताई, कागद काय भातात ठेवतात?"

"मंग कुठं ठेवू? घर गळतंय. पन कणगी आमी गळू देत नाय. ती गळली तर पुढच्या सालाला पेरनार काय?"

तिचं म्हणणं बरोबर होतं. पण दुसऱ्याचं बरोबर असलं की ऐकून घ्यावं, हे मला आजवर जमलेलं नाही. मी दहावी-बारावीची गुणपत्रकं, दाखला, जातीचा दाखला, सगळं पुसून घेतलं, पिशवीतल्या निळ्या फायलीत लावलं आणि म्हणाले, "हे माझ्याकडे राहू दे. लोखंडी कपाट आहे माझं. तिथं नीट राहील." आईने मुलीकडे पाहिलं, मुलीने जमिनीकडे. कुणी नाही म्हटलं नाही, म्हणजे हो म्हटलं, असा मी हिशेब धरला. त्या निळ्या फायलीपायी पुढे त्या मुलीचं एक अख्खं वर्ष पणाला लागलं, आणि ते पणाला लावणारी मी होते. म्हणून हे लिहिते आहे.

मी राहते वाशिंदला. तिथल्याच एका कारखान्यात टाइम ऑफिसच्या खिडकीमागे माझी पंचवीस वर्षं गेली. कोण किती वाजता आलं, कोण उशिरा आलं, कोण आलंच नाही, हे लिहायचं काम. त्या खिडकीतून मी किती मुली पाहिल्या! मुरबाडकडून, शहापूरकडून कंत्राटावर पॅकिंगला येणाऱ्या. बारावीला बरे गुण असलेल्या, अक्षर सुंदर असलेल्या. दोन-तीन वर्षं खोक्यांना चिकटपट्ट्या लावायच्या आणि एक दिवस लग्न ठरलं म्हणून यायच्या बंद व्हायच्या. रजिस्टरमध्ये त्यांच्या नावावर मी लाल रेघ मारायची. शेवटी शेवटी ती रेघ मारताना मला स्वतःचाच राग यायचा. निवृत्तीला अजून अवकाश असताना मी नोकरी सोडली आणि रविवारी पाड्यांवर जायला लागले. मुलांशी बोलायचं, पुढचं शिक्षण, नोकरी, लग्नाची घाई कशी टाळायची, असलं सगळं.

नवरा म्हणतो, "तू मुलांना मार्ग दाखवायला जातेस की पायाची भिंगरी जिरवायला?" त्याचं अगदीच खोटं नाही. मला घरात बसवत नाही. शहापूरहून मुरबाडची एसटी, मुरबाडहून धसईची, तिथून मिळाली तर टमटम, नाहीतर पायी. एवढं हिंडून पाड्यावरच्या समाजमंदिरात पोचलं की मला जरा बरं वाटायचं. तिथे अकरा मुलंमुली जमायची. त्यांना मी तासभर बसवायची आणि स्वतः मात्र पूर्ण वेळ येरझाऱ्या घालत बोलायची.

काय बोलायची? खरं सांगायचं तर माझ्याकडे दोनच गोळ्या होत्या आणि त्या मी सगळ्या दुखण्यांवर द्यायची. मुलगा असेल तर पोलीस भरती, मुलगी असेल तर नर्सिंग. एका रविवारी मी प्रत्येकाला उभं करून विचारलं, पाच वर्षांनी तू कोण असशील? मुलं ठरल्याप्रमाणे म्हणाली, पोलीस. मुली म्हणाल्या, नर्स. कणगीवाल्या घरची ही मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "मी वायरमन व्हईन."

"वायरमन?" मी म्हटलं. "आणि खांबावर काय ओढणी खोचून चढणार का गो?"

सगळे हसले. सगळ्यात जास्त मी हसले. ती खाली बसली. पुढच्या रविवारी मी सगळ्यांना हेच कागदावर लिहायला लावलं, तेव्हा तिने मुकाट्याने 'नर्सिंग' असं लिहिलं. मी तो कागद घरी नेऊन नवऱ्याला दाखवला. म्हटलं, बघ, पोर कशी मार्गाला लागली.

पाड्यावरची वीज पावसाळ्यात गेली की चार-चार दिवस येत नाही, वायरमन धसईहून यायला तयार नसतो, आणि या मुलीने गावातल्या विहिरीवरची मोटर दोनदा स्वतः उघडून चालू केली होती, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. ठाऊक नव्हतं कारण विचारलं नव्हतं. तासभर मी बोलत असायची ना.

आता फायलींचं. कागद स्वतःकडे ठेवायची ही खोड मला एका घावातून लागली. त्याआधीच्या वर्षी याच गटातली एक हुशार मुलगी होती. तिचा नर्सिंगचा फॉर्म भरायचा म्हणून मी गेले, तर घरात सुपारी फुटलेली. दाखला कुठे आहे विचारलं तर तो नवऱ्यामुलाकडच्यांनी वय बघायला म्हणून नेला होता. तो परत येईपर्यंत फॉर्मची मुदत गेली आणि वैशाखात मुलगीही गेली. त्या लग्नाला मी गेले होते. तेव्हाच मी ठरवलं की यापुढे दाखले माझ्या कपाटात. कागद माझ्याकडे असला की मुलगी माझ्याकडे. कागद हातात नसेल तर घरचे घाई करणार नाहीत, असं मी धरून चालले होते. नवरा म्हणाला, "अगं, गावात लग्न लावताना दाखले बघतात की घराणं?" मी त्याला म्हटलं, तुला काय कळतं.

अशा अकरा निळ्या फायली माझ्या कपाटात उभ्या राहिल्या. दर शनिवारी मी त्या एकदा मोजायची. कारखान्यात हजेरी मोजायची तशी.

मग तो आठवडा आला. आवणीचे, म्हणजे भातलावणीचे दिवस होते, सगळा मुलूख चिखलात वाकलेला. रविवारी मला जायला जमलं नाही, कंबर धरली होती. सोमवारी गटातल्या एका मुलाचा मोबाईलवर निरोप आला, 'मॅडम तिच्याकडं काल पावणे आलते बघायला.' 'तिच्याकडं' म्हणजे कणगीवाल्या घरी. माझं डोकंच फिरलं. मी त्याला उलट चार प्रश्न विचारले, त्याला काही माहीत नव्हतं. आणि बुधवारी सकाळी तिचाच फोन आला.

"मॅडम, माजी कागदं पायजेत."

"कशाला?"

मागे पावसाचा आवाज येत होता. "काम हाय," ती म्हणाली. "शनवारच्या आत पायजेत."

तिने 'काम हाय' म्हटलं आणि मला मागच्या वर्षीचा मांडव दिसला. अस्सं, म्हणजे हिलाही पुढे करून दाखला मागवतात. मी अगदी गोड आवाजात म्हटलं, "अगं, कपाटाची किल्ली चुकून मुलाच्या बॅगेत गेली बघ. तो पुण्याला आहे. आला की आणते हो."

किल्ली माझ्या डोळ्यासमोर, फ्रिजशेजारच्या खिळ्याला लटकत होती.

शुक्रवारी तिचा परत फोन. "मॅडम, मुलगा आला का?" मी म्हटलं, नाही गं. ती म्हणाली, "मी येऊ का वाशिंदला? कुलूपवाल्याला बोलवू." आवाज रडवेला होता. तेव्हा तरी मला कळायला हवं होतं. लग्नासाठी कागद मागणारी मुलगी कुलूपवाला बोलवायचं म्हणत नाही. पण मी मनातल्या मनात लढाईवर होते आणि लढाईवरच्या माणसाला ऐकू कमी येतं. मी म्हटलं, "एवढ्या पावसात कुठं येतेस? रविवारी मीच येते, तेव्हा सगळं बोलू." फोन ठेवला आणि या खोलीतून त्या खोलीत, गॅलरीत, परत स्वयंपाकघरात, अशी तासभर फिरत राहिले. नवऱ्याने पेपरमधून डोकं वर काढून विचारलं, काय झालं? मी म्हटलं, एक लग्न मोडतेय.

शनिवारी तिचा फोन आला नाही. मला वाटलं, जिंकले.

रविवारी गेले. फाईल नेली नाही, भाषण मात्र पाठ करून नेलं. समाजमंदिरात चारच मुलं होती, बाकीची आवणीला. ही आलेली नव्हती. मी चपला हातात घेतल्या आणि बांधाबांधाने तिच्या शेतावर गेले. आई, मुलगी आणि शेजारच्या दोघी एका रांगेत वाकून रोपं लावत मागे मागे सरकत होत्या. मला बघून आईने कंबर सरळ केली. मुलीने केली नाही.

मी बांधावरूनच सुरू केलं. "ताई, अठरा पुरी झाली म्हणजे लग्नच करायचं असं कुठं आहे? पाहुणे आले होते म्हणे?"

"आलते ना," आई म्हणाली. "चाय पाजून लावून दिले. बोलले, आमची पोर शिकनार हाय आजून."

मी छत्री या हातातून त्या हातात घेतली. "मग कागद कशाला हवे होते?"

आईने लेकीकडे पाहिलं. लेक रोपं रोवत होती. मग आईच बोलली. "ती मुरबाडला आयटीआयला लागनार होती. वायरमनला. मामाच्या मोबाईलवरून तिनं फारम भरला, नंबर बी आला. काल शेवटचा दिस होता. झेराक्स घेऊन गेली बिचारी. ते बोलले, अस्सल पायजेत. दिसभर थांबली तिथं. मंग आली घरी."

मला काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. आधी लाज वाटली, आणि लाजेच्या पाठोपाठ, खोटं कशाला बोलू, रागही आला. मला का नाही सांगितलं? मी ओरडलेच, "अगं, मला सांगायचं ना कशाला हवेत ते!"

तेव्हा ती उभी राहिली. कोपरापर्यंत चिखल, कपाळावर चिखलाचं बोट. "सांगितलं व्हतं, मॅडम," ती म्हणाली. "समाजमंदिरात. तुमी हसल्या."

शेजारच्या दोघींनी हात थांबवले होते. पाऊस रिपरिपत होता. ती पुढे म्हणाली, "मुलगा आला का पुण्यावरनं?"

मला हो म्हणता आलं असतं. आला गं, कालच आला, आणि मी विसरले फाईल. तोंडापर्यंत आलं होतं. पण त्या चिखलात सगळ्या मला बघत होत्या आणि मला एकदम स्वतःची शिसारी आली.

"किल्ली मुलाकडे नव्हतीच," मी म्हटलं. "माझ्याकडेच होती. मला वाटलं, तुझं लग्न लावतायत."

ती खाली वाकली आणि रोपांची उरलेली मूठ लावायला लागली. आई मात्र बोलली, अगदी साध्या आवाजात. "लगीन लावायचं असतं तं आमी तुमाला इचारत बसलो असतो का, बाय?" मग तीही वाकली. मी तिथे किती वेळ उभी होते कोण जाणे. बसायला जागा नव्हती आणि निघायला तोंड नव्हतं.

सोमवारी पहिल्या गाडीने जाऊन मी तिची फाईल तिच्या आईच्या हातात दिली. आईने कागद फायलीतून काढले, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळले आणि कणगीत खोल सारले. फाईल मला परत दिली. "ही तुमची ठेवा," म्हणाली.

पुढच्या रविवारी बाकीच्या दहा फायली पोत्याएवढ्या पिशवीत घालून मी निघाले. तिथेही सरळ काही झालं नाही. दोन मुलं म्हणाली, राहू द्या ना मॅडम, आमच्याकडं हरवतील. एका मुलीचा बाप तर मागेच लागला, "तुमच्याकडंच बरं हाय, घरात ठेवलं तं पोरगी फुकट हिकडंतिकडं फारम भरत बसंल." ते ऐकून मी चपापले. माझंच बोलणं मला त्याच्या तोंडून ऐकू आलं. त्याच्या मुलीच्या हातात फाईल कोंबून मी तिथून सटकले.

त्या महिन्यात मी स्वस्थ झोपले नाही की स्वस्थ जेवले नाही. आयटीआयत फोन, तालुक्याच्या ठिकाणी ओळखीपाळखी, पुढच्या फेरीची चौकशी. शेवटी कळलं की रिकाम्या जागांसाठी एक अखेरची फेरी होणार आहे, ज्याने त्याने कागद घेऊन हजर राहायचं. मी हे सांगायला धावत पाड्यावर गेले, तर तिला आधीच माहीत होतं. मी म्हटलं, मी येते सोबत. ती नको म्हणणार होती, पण आई म्हणाली, "येऊं दे गो. त्यांच्या जिवाला बी चैन नाय."

मुरबाडला पोचलो तेव्हा फाटकापाशी पन्नासेक पोरं उभी होती. मुली हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या. मी सवयीने पुढे घुसायला लागले, तशी ती म्हणाली, "मॅडम, तुमी हितंच थांबा." मी थांबले. म्हणजे फाटकापासून पानाच्या टपरीपर्यंत आणि परत, असे किती हेलपाटे घातले देव जाणे. टपरीवाल्याने शेवटी स्टूल पुढे केलं. "बसा की मावशी, तुमाला बघून माजंच डोकं फिरतंय." मी बसले नाही.

दुपार कलल्यावर ती बाहेर आली. चेहऱ्यावरून काही कळेना.

"मिळालं?"

"वायरमन भरलं. शिवणकाम रिकामं हाय. बोलले, मुलींना तेच बरं, घ्या."

"मग?"

"नको बोलले मी."

माझा तोल सुटला. इतके दिवस गिळलेलं सगळं बाहेर आलं. अगं, हातातली जागा कोण सोडतं? शिवणकाम तर शिवणकाम, घे, पाय तर आत पडेल, नंतर बघता येईल, एक वर्ष फुकट घालवशील का? मुली अशाच मागे राहतात, वर्ष गेलं की सगळंच जातं, घरी बसलीस की पुन्हा पाहुणे येतील. पाच वर्षं रविवारी जे बोलत आले ते सगळं एका दमात बोलले. टपरीवाला पान लावायचं थांबला.

ती ऐकून घेत होती. माझं संपलं तेव्हा म्हणाली, "वरीस मी नाय घालवलं, मॅडम."

रागाने नाही म्हणाली. तारीख सांगावी तसं म्हणाली. म्हणूनच ते आत गेलं आणि अजून आतच आहे.

मग म्हणाली, "पुढच्या साली वायरमनचाच फारम भरीन. तवर पान्याच्या मोटारी दुरुस्त करत्यात त्या दुकानात जाईन, धसईला. मी इचारून ठेवलंय त्यांना." मी नुसती मान हलवली. ते दुकान मला माहीत होतं. शंभर वेळा त्याच्यासमोरून गेले होते मी, टमटमची वाट बघत. तिथे कुणी मुलगी काम शिकू शकेल हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

तेवढ्यात पाऊस आला. ती घाईने कागद गोळा करून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळायला लागली. निरगुडीचा वास आला. आणि माझा हात, इतकं सगळं होऊनही, आपसूक पुढे झाला. "दे इकडे," मी म्हटलं, "माझ्या पिशवीत नीट राहतील."

तिने माझ्या हाताकडे पाहिलं. मीही पाहिलं. पुढे आलेला हात मागे कसा घ्यायचा ते मला सुचेना.

तिने पुरचुंडीला गाठ मारली आणि ती छातीशी धरली. मग माझ्या दुसऱ्या हातातली मिटलेली छत्री तिने उघडली आणि तिची मूठ माझ्या त्या पसरलेल्या हातात दिली.

"तुमी नुसती छत्री धरा, मॅडम," ती म्हणाली. "कागदं मी धरते."

धसईची गाडी लागायला पाऊण तास लागला. तेवढा वेळ मी छत्री धरून एका जागी उभी होते.